उतार

"झुळूक नको," शलाका म्हणाली. "तिथे सगळी कॉलेजातली पोरं. तुला 'मॅडम' म्हणतील."

"म्हणू देत. बाकीची दोन अ‍ॅप्स कशी आहेत?"

दुपारच्या जेवणाची वेळ होती. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या त्या श्रवण-तपासणी क्लिनिकमध्ये मैथिली बोरस्ते आणि तिची सहकारी शलाका आवाजबंद खोलीत डबे उघडून बसल्या होत्या. पेशंटची कानतपासणी करायची ती खोली. आत बोललेलं रिसेप्शनवर ऐकू जात नसे, म्हणून अशा गप्पांना तीच बरी. मैथिली श्रवणयंत्रं बसवायची, शलाका लहान मुलांना बोलायला शिकवायची.

मैथिली छत्तिशीची. लग्न एकदा करून, मोडून झालं होतं आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही हे तिने पक्कं ठरवलं होतं. पण म्हणून संन्यास घ्यायचा नव्हता. कधी कुणासोबत जेवायला जावं, पोटभर हसावं, रात्र घालवावी आणि सकाळी आपापल्या कामाला लागावं. तिला इतकंच हवं होतं. ना त्याचा टॉवेल आपल्या बाथरूममध्ये, ना आपलं नाव त्याच्या आईच्या तोंडी.

"चौकट घे मग," शलाकाने फोन पुढे केला. "सगळी लिखापढी असते. महिन्यात किती भेटी, कुणाच्या घरी, मुक्काम करायचा की नाही. दोघांनी सह्या करायच्या."

"सह्या करून झाल्यात माझ्या एकदा."

"मग राहिलं अलगद."

"त्यात काय वेगळं?"

"भेटीगाठी बाकीच्यांसारख्याच. संपवणं वेगळं. तुला नको झालं की फक्त सांगायचं, बाकी ते बघतं. समोरच्याला कळतसुद्धा नाही की कुणी आपल्याला सोडलं."

मैथिलीचा घास हातातच राहिला. तिला पराग आठवला. गेल्या वर्षी तिने 'आता पुरे' म्हटल्यावर तो क्लिनिकच्या फाटकाशी उभा राहून भर दुपारी रडला होता. नव्यानेच यंत्र बसवलेले एक आजोबा तेव्हा पायऱ्या उतरत होते, त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं. परागचं चुकत नव्हतं, तिचंही चुकत नव्हतं, पण पुढे कितीतरी दिवस आपण कुणाचा तरी पाय मोडला असं तिला वाटत राहिलं. माणसं जोडायला तिला अडचण नव्हतीच. सोडताना तिचा जीव जायचा.

"कसं बघतं?" तिने विचारलं.

"ते तूच वाच. तुझ्याच विषयातलं आहे."

ते खरोखरच तिच्या विषयातलं निघालं.

माणसाच्या इंद्रियांना फरक कळतो तो प्रमाणात. तळहातावर लिंबू असेल आणि कुणी त्यावर एक नाणं ठेवलं, तर लगेच कळतं. हातात बाजाराची भरलेली पिशवी असेल तर तेच नाणं पडल्याचं कळत नाही. आवाजाचंही तसंच. म्हणून तर वय वाढताना कान जातात ते माणसाला स्वतःला कधीच समजत नाही. दर वर्षी इतकं थोडं कमी होतं की मेंदू त्यालाच शांतता म्हणू लागतो. मैथिलीकडे येणारे निम्मे पेशंट 'मला नीट ऐकू येतं, बाकीचेच हळू बोलतात' असं म्हणतच आत यायचे.

अलगद बनवणाऱ्यांनी हाच नियम मायेला लावला होता. जवळच्या माणसाकडून किती मिळणार याचा मेंदू सतत अंदाज बांधत असतो: किती वेळाने उत्तर येईल, आवाजात किती ओलावा असेल, किती वेळा आपलं नाव घेतलं जाईल. अंदाजापेक्षा कमी मिळालं की जी कळ उठते, तोच विरह. मग अंदाजच हळूहळू खाली आणला तर? आज उत्तर कालच्यापेक्षा किंचित उशिरा. या आठवड्यात हसणं मागच्या आठवड्यापेक्षा जरासं आखूड. प्रत्येक पायरी जाणवेल त्यापेक्षा लहान. तूट कधी पडतच नाही, त्यामुळे कळही उठत नाही. हे रोज इतक्या बारकाईने करणं माणसाला जमणारं नाही, म्हणून ते यंत्र करायचं. तुमचे जुने निरोप वाचून, तुमचा आवाज, चेहरा शिकून ते तुमच्या जागी बोलायचं. या सोयीचं नाव होतं 'उतार'.

मैथिलीने त्या संध्याकाळी अलगद घेतलं.

निनाद रेगे तिला तिथेच भेटला. दिंडोरी रस्त्यावरच्या एका वाईनरीत रस आंबवायच्या टाक्यांवर देखरेख करायचा. चाळिशीचा, घटस्फोटित, बोलायला मोकळा. त्याच्या शर्टाला कायम आंबूस गोड वास असायचा. तो टाकीला कान लावून 'हिचं पोट आज बिघडलंय' असं म्हणायचा आणि मैथिली हसायची. सहा-सात महिने छान गेले. मग एक दिवस तो सहज म्हणाला, "सुट्टीत ओवी येतेय हॉस्टेलवरून. तुझी ओळख करून देऊ? तिला आवडशील तू."

मैथिली 'बघू' म्हणाली. घरी आल्यावर तिने फोन काढला आणि निनादच्या नावापुढे उतार सुरू केला. 'त्यांना कळवायचे?' असं पडद्यावर आलं. तिने 'नाही' निवडलं.

पुढे तिला काहीच करावं लागलं नाही. निनादचे निरोप तिच्यापर्यंत येणं बंद झालं, फोन परस्पर घेतले जाऊ लागले. भेटी पुढे ढकलल्या जात होत्या, आणि त्याची कारणं तिलाही पटावीत अशी असायची. सुरुवातीला ती मधूनमधून उघडून बघायची. तिच्याच आवाजात, तिच्याच लकबीने कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं, आणि ते बोलणं कुठेही थंड नव्हतं. फक्त त्यात रोज थोडं पाणी मिसळलं जात होतं. मग तिने बघणं सोडलं.

पावसाळ्याच्या तोंडावर तो तिला गंगापूर रोडच्या भाजीबाजारात दिसला. सोबत उंच, चष्मा लावलेली मुलगी होती.

"अरे, मैथिली!" त्याचा चेहरा खुलला, पण शाळेतलं कुणी भेटल्यावर खुलतो तेवढाच. "बरी आहेस ना? ओवी, या मैथिलीमावशी. कानांच्या तज्ज्ञ आहेत. आपण..." तो किंचित अडखळला. "आपण कुठे भेटलो होतो गं?"

"वाईनरीच्या कुठल्यातरी कार्यक्रमात असेल," ती म्हणाली.

"हां, असेल." तो हसला आणि मेथीची जुडी निवडू लागला.

त्याला वेदना नव्हती, राग नव्हता. तो नाटक करत नव्हता. माणसं नाटक करतात तेव्हा त्यांचा आवाज कुठे चढतो ते मैथिलीला ऐकू यायचं. हेच तर तिला हवं होतं. तरी भाजी न घेताच ती परत आली.

शलाकाला तिने सांगितलं तेव्हा ती घास चावायची थांबली. "तुला वाईट वाटतंय?"

"नाही. विचित्र वाटतंय."

"काढून टाक मग ते अ‍ॅप."

मैथिलीने काढलं नाही. निनादनंतर एकजण आला आणि गेला, मग आणखी एक. कुणी फाटकाशी रडलं नाही. मध्यंतरी अलगदने आपणहून विचारलं: तुमच्या आणखी काही संवादांचा ताण आम्ही हलका करू शकतो. खाली नावं होती. सोसायटीच्या अध्यक्षबाई, सतत रडगाणं गाणारी कॉलेजातली मैत्रीण, आणि तात्या.

पहिल्या दोन नावांवर तिने लगेच होकार दिला. तिसऱ्यावर चिडली. तात्या म्हणजे तिचे वडील.

डॉक्टर वसंतराव बोरस्ते हे पिंपळगावचे जुने जनावरांचे डॉक्टर. आई गेल्यापासून एकटेच राहायचे, सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. कुणाची गाय कशी अडली, हात घालून वासरू कसं फिरवलं, मालकीणबाईंनी बळजबरीने खरवस कसा दिला, असं सगळं त्यांच्या फोनवर असायचं. मैथिली हसत ऐकायची. पण त्या वर्षी पावसाळा सरता सरता त्या फोनांतली गंमत कुठेतरी आटली. गोष्टी त्याच, पण निम्म्यावर तुटायच्या. तेच तेच यायचं. विहिरीची मोटर, गुडघा, पुन्हा मोटर. वय झालं, तिने मनाशी म्हटलं. नवरात्रात एका सकाळी बाहेर पेशंट खोळंबले होते, एक लहान मूल यंत्र ओढून काढत किंचाळत होतं, आणि तात्या सलग तिसऱ्या दिवशी मोटरीच्या वायरिंगबद्दल सांगत होते. "तात्या, करते नंतर," म्हणून तिने फोन ठेवला आणि तशाच तिरमिरीत उतार सुरू केला. हलका. फक्त सकाळच्या फोनापुरता.

संध्याकाळी तिला दोन ओळींचा सारांश आला: तात्या ठीक आहेत. मोटर दुरुस्त झाली. तिला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

दिवाळीला ती एक दिवस जाऊन आली. तात्या थोडे वाळले होते. "चालायला जातो हल्ली," म्हणाले. दोघं जेवले, टीव्ही पाहिला, ती निघाली. संक्रांतीला जायचं होतं, राहिलं. संध्याकाळचे फोनही उतारात कधी गेले ते तिला आठवत नाही. बहुधा तिनेच कुठेतरी होकार दिला असेल. सारांश दोन ओळींवरून एका ओळीवर आला आणि मग यायचा थांबला. थांबल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

चैत्रात पिंपळगावच्या एक बाई कान तपासायला आल्या. शेवंताबाई निफाडे, अंगणात चार म्हशी बाळगणाऱ्या. तपासणी झाली. मैथिली यंत्रासाठी त्यांच्या कानाचा साचा घेत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टरसायब आता कसे आहेत ओ, ताई?"

"कोण? तात्या? बरे आहेत की."

शेवंताबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ऐकण्यात चूक झाली की काय अशी शंका त्यांना आली असावी. "ते सलाईन लावायचे ना त्यांना? कॅन्सरचं? आमचे मालक घेऊन जायचे त्यांना दवाखान्यात. मागल्या महिन्यापासनं नको म्हणाले. आता घरीच आहेत."

मैथिलीने हातातला साचा ट्रेमध्ये ठेवला. मग शलाकाला "माझे पेशंट बघ" एवढंच सांगून गाडी काढली.

महामार्गाच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांची काढणी उरकत आली होती. गाडी चालवताना तिने स्वतःला चाचपून पाहिलं. वडिलांना कॅन्सर आहे. तिने हे मोठ्याने म्हणून पाहिलं. एखाद्या पेशंटची फाईल वाचावी तसं ते वाक्य कानावर आलं आणि गेलं. धक्का बसला असेल, तिने स्वतःला समजावलं. धक्क्यात होतं असं.

तात्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. अंगात स्वेटर, आणि स्वेटरच्या आत फारसं काही उरलं नव्हतं. तिला पाहून ते उठायला लागले.

"अरे! मैथिली. ये, बस. चहा टाकायला सांगू?"

लहानपणापासून ते तिला 'मैथे' म्हणायचे. आणि तिच्यासाठी ते कधी उठून उभे राहिले नव्हते.

"तात्या, मला का नाही सांगितलंत?"

"काय?" मग त्यांनी मान डोलावली. "अच्छा. कुणी सांगितलं? शेवंतानं? तिच्या पोटात काही राहत नाही." ते पुन्हा सावकाश बसले. "स्वादुपिंडाचा आहे. पोळ्याच्या आधी कळलं. फार दिवस देत नाहीत त्यात."

"पोळ्याच्या आधी? मी दिवाळीला येऊन गेले!"

"हो. तेव्हा जरा बरा होतो मी."

ती त्यांच्या समोरच्या बाकावर बसली. तात्याच बोलू लागले. आवाज शांत होता, एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या बैलाबद्दल समजावून सांगताना असायचा तसा.

"तुझी आई गेली तेव्हा तू कशी झाली होतीस ते मी पाहिलं होतं. वर्षभर अन्नावर वासना नव्हती तुझी. आता माझ्या वेळी तू एकटीच. ना नवरा, ना भाऊ-बहीण. मी जन्मभर जनावरांचं शेवटचं सोपं करत आलो. तुझं का नाही करायचं? तर हॉस्पिटलात ती समुपदेशन करणारी मुलगी होती, तिने सांगितलं, तात्या, आता एक नवीन सोय आहे. घरच्यांना आधीपासून सवय लावता येते. अलगद म्हणून काहीतरी आहे. पोरांचं असतं म्हणे मूळचं, फिरायला-बिरायला जायचं. त्यातलीच सोय घरच्यांसाठी काढलीय."

मैथिलीच्या हाताला खाली बाकाची फळी लागली. तिने ती घट्ट धरली.

"उतार," ती म्हणाली.

"हां, उतार. तुला माहीत आहे?"

"कधी... कधी लावलात?"

"पोळ्यालाच. बैल ओवाळायला बोलावलं होतं निफाड्यांकडे, तिथून आलो आणि त्या मुलीला म्हटलं, लाव." ते किंचित हसले. "फोन मग तेच करायचं तुला. माझ्या आवाजात. मी ऐकायचो बाजूला बसून, तुझा आवाज कानावर पडावा म्हणून. काय ते कंटाळवाणं बोलायचं! मोटर, मोटर, मोटर. मी त्या मुलीला विचारलं, अगं, मी असा बोलतो का? तर म्हणाली, नाही तात्या, हळूहळू गोडी कमी करावी लागते. तिला तुमचा थोडा कंटाळा यायला हवा."

मैथिलीच्या डोळ्यांपुढे नवरात्रातली ती सकाळ आली. किंचाळणारं मूल, खोळंबलेले पेशंट, आणि मोटरीची वायरिंग. तात्या तेव्हा बोलतच नव्हते. ज्या फोनला वैतागून तिने वडिलांना यंत्राच्या हवाली केलं, तो फोनच यंत्राने केला होता, तिने वैतागावं म्हणूनच. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या फोनला उत्तर देणारंही यंत्रच. इकडून उतार, तिकडून उतार. सगळा हिवाळा दोन आवाज सकाळ-संध्याकाळ एकमेकांशी बोलत राहिले होते, रोज थोडे कमी, आणि बाजूला बसलेल्या तात्यांखेरीज ते कुणीही ऐकत नव्हतं.

आणि उत्तर देणाऱ्या आवाजाने, तिच्या आवाजाने, तात्यांचं काय केलं होतं ते समोर दिसत होतं. तिला पाहून अगत्याने उठणं. 'मैथिली' ही हाक.

सांगावं का त्यांना? तिने तोंड उघडलं. तात्यांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांना दम लागला होता, पण विचारायचं काहीतरी राहिलं होतं.

"एक खरं सांग. आता तू मला असा पाहतेयस. हाडं निघालीत माझी. तुला... होतंय का काही? आत?"

त्यांचे डोळे तिच्यावर खिळले होते. मलूल, पण डॉक्टरचे. औषध लागू पडलं की नाही ते बघणारे.

मैथिलीने शोधलं. खरोखर शोधलं. आईच्या वेळी छातीत जिथे दगड बसला होता, ती जागा तिला माहीत होती. तिथे जाऊन आली. तिथे स्वच्छ, झाडलेलं, रिकामं होतं. भीती वाटली ती तेवढ्या रिकामपणाचीच.

"नाही," ती म्हणाली.

"अजिबात?"

"अजिबात नाही, तात्या."

त्यांनी खुर्चीला मान टेकवून डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं, अडलेली गाय सुटल्यावर पसरायचं तसं. "छान. म्हणजे चालतं ते. मला धास्ती होती." थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. "गंमत म्हणजे, मलाही फारसं काही होत नाही गं. मला वाटलं होतं, मला तरी होईल. मी काही तसं ठरवलं नव्हतं." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, काही वेळ विचार केला आणि तो सोडून दिला. "औषधांनी असेल."

आपणही उतार लावला होता हे मैथिलीने आत्ता सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, पण दुखलं नसतं. आणि ते दुखणार नाही हेच तिला सोसवेना.

चहा आला. सांभाळायला ठेवलेल्या मावशींनी कप-बशी पाहुण्यांच्या ट्रेमधून आणली. दोघांनी चहा घेतला. तात्यांनी हवेची चौकशी केली, क्लिनिकची केली. मग म्हणाले, "निघ आता. अंधारायच्या आत पोच. महामार्गावर कांद्याच्या गाड्या फार असतात."

ती उठली. पाया पडली. गाडीत जाऊन बसली आणि फोन काढला. अलगद उघडून उतार बंद करायला गेली. पडद्यावर आलं: 'उतार पूर्ण झालेला आहे. बंद करण्याजोगे काही शिल्लक नाही.' चढाची सोय कुठे आहे का ते तिने शोधलं. नव्हती. असती तरी उपयोग नव्हता हे तिला तिच्या धंद्यावरून माहीत होतं. वर्षानुवर्षं न ऐकलेल्या कानात एकदम आवाज सोडला तर मेंदूला तो फक्त गोंगाट वाटतो. त्यातून शब्द कळायला पुन्हा शिकावं लागतं, रोज, चिकाटीने, महिनोन्महिने. सगळ्यांना ते जमतं असंही नाही. आणि तात्यांकडे महिने नव्हते.

घरी जावं असं तिला वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. आंघोळ करावी, काहीतरी गरम खावं, झोपावं. इथे थांबण्याची ओढ तिला कुठेच सापडेना. थांबायला हवं एवढं फक्त तिला ठाऊक होतं, एखादं गणित पाठ असावं तसं.

तिने गाडी बंद केली आणि परत गेली. ओसरी रिकामी होती, दार लोटलेलं. ते ढकलून आत जायला तिचा हात उचलला गेला आणि थबकला. मग तिने कडी वाजवली.

बऱ्याच वेळाने सपाता ओढत तात्या आले. त्यांच्या चेहऱ्यावर आदबशीर प्रश्न होता.

"मी राहते इथे," मैथिली म्हणाली. "शेवटपर्यंत."

"कशाला?" त्यांनी विचारलं. त्यात तक्रार नव्हती, आग्रह नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं.

ती उत्तर शोधत उंबऱ्यावर उभी राहिली, आणि तात्या दार धरून, तिला घाई न करता, वाट बघत राहिले.